अठ्ठ्याहत्तर असामींची कचेरी

मनुष्याच्या आयुष्यातील जे प्रश्न खरोखरीच महत्त्वाचे, त्यांची उत्तरे शोधण्याची तसदी त्याला सहसा घ्यावी लागत नाही. जन्म कोठे घ्यावा याबद्दल त्याचा अभिप्राय कोणी मागवलेला नसतो. लग्न कोणाशी करावे हे दोन घरची वडील मंडळी, आणि ती नसली तर एखादी बेसावध संध्याकाळ, त्याच्या वतीने ठरवून मोकळी होते. नोकरी कोणती करावी हे नेमणुकीचे जे पत्र टपालाने आधी हाती पडते त्यावर अवलंबून असते. आणि इहलोकीचा मुक्काम केव्हा हलवावा हा प्रश्न तर त्याला पूर्वसूचना न देताच निकालात काढण्यात येतो. राहता राहतात ते किरकोळ प्रश्न. आज छत्री बरोबर घ्यावी की आभाळावर विश्वास टाकावा, भिशीला जावे की डोके दुखत असल्याचे कळवावे, मोलकरणीने मागितलेली उचल आत्ताच द्यावी की महिनाअखेरपर्यंत विषय टाळावा, चणाडाळ भिजत घातलीच आहे तर तिची वाटली डाळ करावी की आमटी, हे सारे प्रश्न नियतीने आपल्याकडे ठेवून न घेता सर्वस्वी ज्याच्या त्याच्या अखत्यारीत सोडून दिले असल्यामुळे सामान्य मनुष्याची जी काही दमछाक होते ती येथेच होते.

आमच्या वहिनींनी या दमछाकीवर जो तोडगा काढला आहे तो जवळून न्याहाळण्याची संधी मला, ठाण्यास बंधूंच्या घरी माझे वरचेवर जाणे होत असल्याने, भरपूर मिळालेली आहे. त्यांच्या सुनेने त्यांना वाढदिवसानिमित्त टॅरो पत्त्यांचा एक कॅट भेट म्हणून दिला. सासूबाईंची दुपार सुखाने जावी आणि त्या दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातील डब्यांची फेरतपासणी करू नये, एवढाच सुनेचा मर्यादित हेतू असावा. परंतु ज्या घरात प्रत्येक वस्तूला जागा असते, त्या घरात नव्या वस्तूलाही लवकरच जागा मिळते, आणि जागा मिळाली की अधिकार ओघानेच येतो. आज तो कॅट देवघराच्या खालच्या खणात, पंचांगाच्या शेजारी, पैठणीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असतो. सकाळचा दुसरा चहा झाला की वहिनी चष्मा पुसतात, जेवणाच्या टेबलावरील लोणच्याची बरणी एका कडेला सरकवतात, पैठणीची घडी उलगडतात आणि पाने पिसू लागतात. मेंढीकोटात एके काळी साऱ्या आळीला नामोहरम केलेला तो हात असल्यामुळे पाने पिसण्याची त्यांची सफाई पाहत राहावी अशी आहे. मग डाव्या हाताने कॅट काटायचा, प्रश्न मोठ्याने उच्चारायचा आणि वरचे एक पान उलगडायचे. चित्र सुलटे आले तर ‘हो’, उलटे आले तर ‘नाही’. कायदा एवढा सुटसुटीत आहे की त्याच्या अंमलबजावणीत काही घोटाळा होऊ शकेल असे कोणाच्याही मनात येऊ नये.

घोटाळा होतो तो कायद्यामुळे नव्हे, आस्थापनेमुळे. सरकारी दप्तरात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो कॅट प्रथमदर्शनीच ओळखीचा वाटला, कारण ती एक रीतसर कचेरी आहे. एकूण असामी ७८. त्यांपैकी २२ हे वरिष्ठ हुद्देदार: सम्राट, सम्राज्ञी, धर्मगुरू, न्यायदेवता, कंदील धरून उभा असलेला विरक्त, सैतान, मृत्यू, सूर्य, चंद्र, इत्यादी, यांना एक ते एकवीस असे क्रमांक असून, उरलेला जो भोळसट तरुण गाठोडे खांद्यावर टाकून, आकाशाकडे पाहत, नेमका कड्याच्या टोकावर पाऊल टाकीत असतो, त्याला शून्य क्रमांक देऊन सेवेत सामावून घेण्यात आले आहे. अशी एक व्यक्ती प्रत्येक खात्यात असतेच, आणि कड्यावरून ती कधी पडत नाही हेही मी पाहिलेले आहे. बाकीचे ५६ जण चार खात्यांत प्रत्येकी चौदा याप्रमाणे वाटलेले. मोहरांचे खाते वसुलीचे, तलवारींचे फौजदारी, काठ्यांकडे उद्योग आणि एकंदर धावपळ, आणि पेल्यांकडे प्रेम, लोभ, रुसवेफुगवे, म्हणजे ज्याची कोठेच नोंद होत नाही असे सारे कामकाज. प्रत्येक खात्यात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा कारकून, आणि त्यांच्यावर हुजऱ्या, स्वार, राणी व राजा असे चार मानकरी. एवढा इतमाम असलेल्या कचेरीपुढे वहिनींनी दाखल केलेला पहिला अर्ज असा होता की, गॅसचा सिलिंडर आज येईल काय. त्यावर खुद्द सम्राटाची स्वारी बाहेर आली. मेंढ्यांची मुंडकी कोरलेल्या पाषाणी सिंहासनावर, राजवस्त्रांखाली पोलादी चिलखत घालून बसलेल्या त्या शुभ्रदाढीधारी पुरुषाकडे पाहून माझे मन कणवेने भरून आले. साम्राज्याचा कारभार बाजूला ठेवून, ठाण्याच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर केव्हा चढेल याचा त्याने खुलासा करावयाचा होता. त्याने सुलटे दर्शन दिले, सबब उत्तर ‘हो’ असे धरण्यात आले. सिलिंडर आला तो परवा. मी ही तफावत नम्रपणे निदर्शनास आणून दिली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आला ना, भाऊजी? मग ‘हो’ म्हणाला ते खोटं कुठं झालं?”

वस्तुतः या कचेरीची स्थापना भविष्याच्या कामासाठी झालेलीच नव्हती. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील मिलान, फेरारा येथील दरबारी मंडळींनी नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांत कायमच्या हुकमाची काही सचित्र पाने वाढवली आणि डाव मांडून त्यांचा खेळ सुरू केला. सम्राट, मृत्यू, सूर्य ही सारी मंडळी एकमेकांचे हात मारण्यासाठी जन्मास आली. पुढे तीनशेहून अधिक वर्षे कोणाला त्यांच्याकडून हात मारण्यापलीकडे कशाचीही अपेक्षा नव्हती, आणि फ्रान्सात व ऑस्ट्रियात आजही लोक या पानांचा खेळच खेळतात. मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने, ज्याची कीर्ती तर्कशास्त्राच्या अत्यंत कठीण प्रश्नांवर उभी आहे, १९८० साली या खेळाचा एक जाडजूड इतिहास लिहून ही गोष्ट साधार सिद्ध केली. सारे बिघडले ते १७८१ साली. त्या वर्षी पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेब्लँ नावाच्या एका विद्वान गृहस्थाने, हा खेळ पाहता पाहता झालेल्या साक्षात्काराच्या बळावर, असे छापून प्रसिद्ध केले की, ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी चित्ररूपाने लपवून ठेवलेला ज्ञानग्रंथ होय. इजिप्तची चित्रलिपी त्या काळी कोणालाच वाचता येत नव्हती. शाँपोल्याँने तिची उकल केली ती १८२२ साली. म्हणजे या विधानाचे खंडन करू शकेल असा एकही साक्षीदार जगात नसताना त्याने ते केले. गंमत अशी की इजिप्तचे नाव त्याने अगदीच हवेतून काढले होते असेही म्हणता येत नाही. पेले, मोहरा, तलवारी आणि काठ्या हे चार रंग युरोपात आले ते चौदाव्या शतकात, मामलुक अमलाखालील इजिप्तच्या पत्त्यांवरून. तेथे काठ्यांच्या जागी चौगान खेळण्याच्या काठ्या होत्या एवढाच फरक. देश बरोबर सापडला, शतक फक्त चुकले, आणि तेही दोन-तीन हजार वर्षांनी! जमीनमहसुलाच्या दाव्यांत याहून मोठ्या फरकाने निकाल लागलेले मी पाहिले आहेत.

यानंतर अलियेत नावाचा एक पॅरिसवासी पुढे सरसावला. त्याने स्वतःचे आडनाव आधीच उलट्या क्रमाने लिहून ‘एतेय्या’ असे धारण केले होते, आणि पान उलटे आल्यास त्याचा अर्थही निराळा होतो असे प्रतिपादन करून त्यावर चरितार्थ चालवला. जो मनुष्य स्वतः उलटा होऊन बसला, त्याने पत्त्यांना तरी सरळ का राहू द्यावे? वहिनींच्या ‘हो’ आणि ‘नाही’ यांची वंशावळ येथवर येऊन पोहोचते. आपल्याकडे मात्र सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफेत मत्स्य, कूर्म, वराह असे दहा रंग आणि १२० वाटोळी पाने असताना, ती खेळ म्हणूनच नावारूपास आली, याचे श्रेय कोणाला द्यावे हे मला कळत नाही. वाटोळ्या पानाला उलटे आणि सुलटे ठरवणे जड गेले असावे, हे एक कारण संभवते.

वहिनींच्या हातातील चित्रे मात्र १९०९ सालची आणि लंडनची आहेत. आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्याव्यासंगी गृहस्थाच्या सांगण्यावरून ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीने काढली, रायडर या प्रकाशनसंस्थेने ती बाजारात आणली, आणि काम मोठे असून मोबदला फारच अल्प असल्याची तक्रार त्या बाईंनी एका पत्रात तेव्हाच नमूद करून ठेवली. ती न्याय्य होती. कारण, त्यापूर्वी प्रचारात असलेल्या पानांवर पेल्यांची छक्की म्हणजे सहा पेले आणि तलवारींची दश्शी म्हणजे दहा तलवारी, यापलीकडे काही नसे; या बाईंनी प्रत्येक दुर्री-तिर्रीवर माणसे, घरे, आकाश आणि एकेक प्रसंग रंगवला. तेव्हापासून कचेरीतील कनिष्ठातील कनिष्ठ कारकूनसुद्धा स्वतंत्र मत बाळगू लागला, आणि साध्या प्रश्नाला साधे उत्तर मिळण्याची शक्यता कायमची संपुष्टात आली.

उदाहरणादाखल हापूसचे प्रकरण सांगतो. चैत्राच्या अखेरीस एक पेटीवाला दारी आला. पेटी देवगडची असल्याचे त्याने शपथेवर सांगितले, गवत बाजूला सारून दोन फळे वहिनींच्या नाकापाशी नेली आणि भाव सांगितला. भाव ऐकून वहिनींच्या भुवया वर गेल्या, वास घेऊन त्या खाली आल्या, आणि अशा रीतीने प्रकरण समसमान झाले. आत्ता घ्यावी की अक्षय्य तृतीयेनंतर भाव उतरेपर्यंत थांबावे, असा मुद्दा उपस्थित झाल्यावर वहिनी त्याला “थांब हं जरा” असे सांगून आत आल्या, आणि पैठणी उलगडली गेली. दार उघडेच असल्याने पेटीवाल्याला टेबल दिसत होते. पान निघाले मोहरांची सत्ती: कुदळीच्या दांड्यावर हात आणि हातांवर हनुवटी टेकून उभा राहिलेला एक शेतकरी, समोर एक वेल, वेलीला मोहरा लगडलेल्या, आणि शेतकरी त्यांच्याकडे नुसता पाहतो आहे. आता या चित्राचा अन्वयार्थ काय लावायचा? वहिनींचे म्हणणे असे की, शेतकरी पाहतो आहे, तोडत नाही, त्या अर्थी थांबावे. बंधू वर्तमानपत्राआडून म्हणाले, “पीक तयार आहे आणि शेतकरी दारात उभा आहे, याहून स्पष्ट काय पाहिजे?” मी कायद्याचे कलम पुढे केले की, पान सुलटे आहे, सबब उत्तर ‘हो’. “हो म्हणजे कशाला हो?” वहिनींनी विचारले. “घ्यावी का ला हो, की थांबावे का ला हो?” आणि खरोखरच अर्जात दोन्ही प्रश्न एकत्र घातले गेले असल्यामुळे तो मसुद्यातच सदोष होता. याप्रमाणे आमची तिघांची चर्चा सुरू असता पेटीवाला या पायावरून त्या पायावर भार देत होता. त्याच्या हयातीत त्याने घासाघीस करणारी गिऱ्हाइके पुष्कळ पाहिली असतील. पण भाव ऐकून एक शब्द न बोलता आत जाणारे, चित्र पुढ्यात ठेवणारे आणि त्यावर तीन माणसांची बैठक बसवणारे गिऱ्हाईक त्याला नवीन होते. अखेर तो उंबऱ्यावरूनच म्हणाला, “मावशी, दोनशे कमी द्या, पण ते पत्ते आवरा.” पेटी घेण्यात आली. या यशाचे श्रेय कोणत्या असामीच्या नावे खतवायचे यावर मतभेद आहेत. वहिनींच्या मते शेतकऱ्याने सांगितलेले थांबणे पाच मिनिटांचे होते.

झटपट उत्तराची गरज आपल्या लोकांना माहीत नव्हती असे नाही, आणि त्यांनी केलेली व्यवस्था या मानाने कितीतरी मुद्देसूद होती. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची जी रीत आहे ती पाहा. गाऱ्हाणे घालायचे, देवाच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या अंगाला फुलांच्या कळ्या, पाने किंवा ओले तांदूळ चिकटवायचे, आणि उजवे पडले तर काय व डावे पडले तर काय हे आधी स्पष्ट शब्दांत बोलून ठेवून मग वाट पाहत बसायचे. देवाला तेथे भाष्य करण्यास जागाच ठेवलेली नाही. कळीवर कुदळ घेतलेला शेतकरी नसतो. ती पडते किंवा पडत नाही. सारे कौशल्य गाऱ्हाणे घालणाराच्या शब्दरचनेत असते, आणि ते इतके की, प्रतिकूल कौल मिळाल्यावर तेच मागणे नव्या शब्दांत मांडून देवाला पुनर्विचाराची सन्मान्य वाट उपलब्ध करून देणारे जाणते गृहस्थ गावोगाव असतात. रामचरितमानसाच्या आरंभी छापतात ती रामशलाका प्रश्नावली तर गणिताचाच नमुना: पंधरा गुणिले पंधरा मिळून २२५ चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर, डोळे मिटून एका चौकटीवर बोट ठेवायचे, तेथून दर नववे अक्षर टिपत जायचे, की नऊ चौपायांपैकी एक पुरी होते, आणि प्रत्येक चौपाईखाली कार्य सिद्ध होईल किंवा संशयास्पद आहे असा निकाल तयार छापलेला असतो. हुमायून आणि जहांगीर हे बादशहा हाफिजच्या दीवानातून फाल काढीत आणि निघालेल्या पानाच्या समासात स्वहस्ते शेरा मारीत. ती प्रत पाटण्याच्या खुदाबक्ष ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. पदपथावरील ज्योतिष्याचा पोपटदेखील पाकीट ओढून काढतो, त्यातील मजकुराचा अर्थ लावीत बसत नाही. टॅरोच्या पानांची अडचण अशी की, ती काढलीही आपणच, वाचायचीही आपणच, आणि त्यांवरील चित्रे राज्यक्रांती, वैराग्य, विश्वासघात, प्रलय अशा विषयांना वाहिलेली.

त्यामुळे जे प्रसंग उद्भवतात ते कोणत्याही कायदेपंडितास बुचकळ्यात टाकतील. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सुनेच्या माहेरची मंडळी जेवायला येणार म्हणून, नारळीभात करावा काय असे विचारले असता तेरा क्रमांकाचा हुद्देदार, म्हणजे साक्षात मृत्यू, पांढऱ्या घोड्यावर बसून, काळे निशाण फडकावीत, पायतळी एका राजाला आडवा करून टेबलावर अवतीर्ण झाला. आणि तो सुलटा होता! नियमाप्रमाणे उत्तर ‘हो’. वहिनी क्षणभर नि:शब्द झाल्या, मग त्यांनी कॅटाबरोबर मिळालेली पुस्तिका उघडली. या पुस्तिकेत मृत्यूचा अर्थ मृत्यू असा न देता ‘बदल’ असा दिलेला असतो, आणि हे व्यवसायाच्या दृष्टीने सोयीचे असले तरी माझ्या मते थोडे अपमानास्पद आहे. मृत्यूला निदान स्वतःच्या नावाने तरी हिंडू द्यावे. असो. वहिनींनी ‘बदल’ या शब्दाचा अंमल नारळीभाताच्या जागी शिरा करून केला. बारा क्रमांकाचा जो इसम एका पायाने उलटा टांगलेला असतो, त्याच्याबाबत तर पेच अधिकच गहन. पान सुलटे आले की तो उलटा असतो आणि उलटे आले की तो सुलटा होतो. शिवाय डोक्याभोवती प्रभामंडळ आणि चेहऱ्यावर अशी काही प्रसन्नता की टांगण्याचा हुकूम त्याने स्वतःच अर्ज करून मिळवला असावा. छत्री न्यावी काय, या प्रश्नाला तो निघाला तेव्हा वहिनींनी छत्री नेली, पण उघडली नाही.

या कारभारात जाणत्यांनी एक पुरवणी तरतूद करून ठेवली आहे. पहिल्या पानाचा बोध झाला नाही तर त्याच्या खुलाशासाठी दुसरे पान काढता येते. ही तरतूद ज्याने केली त्याला मी कोणत्याही खात्यात सचिवपदी नेमण्यास तयार आहे; कारण, खुलासा मागवण्याची मुभा दिली की कोणतेही प्रकरण संपत नाही, हे तत्त्व त्याला पूर्ण उमगलेले होते. भिशीला जावे की नाही असे वहिनींनी विचारले. निघाली पेल्यांची चौव्वी: झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला एक तरुण, ढगातून एक हात त्याच्यापुढे पेला करतो आहे, आणि हा ढुंकूनही पाहत नाही. याहून स्वच्छ नकार चित्रकलेला साध्य नाही. परंतु गेल्या खेपेस चिठ्ठी कोणाच्या नावाने निघाली आणि ती बाई त्या पैशातून काय घेणार आहे, याचा तपास अपुरा राहिला असल्याने वहिनींना जायचे होते. “याचा खुलासा काय?” असे म्हणून त्यांनी दुसरे पान काढले. ती पेल्यांची तिर्री होती, आणि तिच्यावर तीन स्त्रिया पेले उंचावून फेर धरून नाचत होत्या. पायाशी फळे आणि भोपळा. ही तर प्रत्यक्ष भिशीच. अपील मंजूर झाले, आणि वहिनी ज्या लगबगीने तयार झाल्या त्यावरून, साडी कोणती नेसायची हे पहिल्या पानाच्या आधीच ठरलेले होते असे मला वाटले. आणि मन ठरलेले नसते तेव्हाही, पहिले पान पाहताक्षणी चेहऱ्यावर जे उमटते, आनंद किंवा किंचित हिरमोड, तेच खरे उत्तर असते. पुढची पाने त्या चेहऱ्याची समजूत घालण्यासाठी निघतात. मृत्यू पाहून वहिनींच्या मुद्रेवर जी सुटकेची छटा तरळली, तिच्यावरून नारळ खवण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता हे मी तेव्हाच ताडले होते.

मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पूर्वी हे अर्ज आमच्या बंधूंकडे जात. वर्तमानपत्राआडून “तुला हवं ते कर” एवढाच शेरा प्रत्येक अर्जावर पडे, आणि तो शेरा किती निरुपयोगी असतो हे ज्याने कनिष्ठ म्हणून नोकरी केली आहे त्यालाच कळेल. त्यात हुकूम नाही, मनाई नाही, आणि मुख्य म्हणजे काम बिघडल्यास वरिष्ठाकडे बोट दाखवण्याची सोय नाही. शिरा खाली लागला तर तो “तुला हवा होता” म्हणून लागतो. मृत्यूच्या सल्ल्याने केलेला शिरा खाली लागला, तेव्हा वहिनी त्या घोडेस्वाराकडे तर्जनी रोखून म्हणाल्या, “यानंच सांगितलं होतं,” आणि घोडेस्वाराने बचावाचे भाषण केले नाही. उलट उत्तर न करणारा, निवृत्त न होणारा आणि पैठणीच्या तुकड्यात मावणारा अधिकारी या वयात त्यांना मिळाला आहे. बंधूंचेही वजन त्यामुळे वाढले आहे. त्यांना आता कोणी काहीच विचारत नसल्याने त्यांची मते चुकण्याचे थांबले आहे.

अलीकडचा एक निकाल मात्र या सर्वांहून निराळा म्हणून नमूद करतो. असल्या कित्येक कॅटांत ७८ पानांखेरीज एखाददुसरे जाहिरातीचे पान जादा घातलेले असते, आणि कॅट हाती आल्यावर ते काढून टाकावे असा संकेत आहे. वहिनी छापील कागद टाकून देत नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातील बाईंनी होळीच्या वेळी नेलेले पुरणयंत्र गणपती आले तरी परत केले नव्हते, ते तोंडाने मागावे की त्या आपण होऊन देतील, असा नाजूक प्रश्न त्या दिवशी दाखल झाला होता. पाने पिसली गेली, काटली गेली, आणि वरचे पान उलगडले तो त्यावर सम्राट नाही, मृत्यू नाही, शेतकरी नाही. त्याच प्रकाशकाने काढलेल्या इतर कॅटांची नावे आणि ते कोठे मिळतील याची माहिती. बंधूंनी वर्तमानपत्र खाली घेतले. मी हे पान कामकाजातून वगळावे अशी सूचना मांडली. वहिनींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पान एकदा दूर धरून आणि एकदा जवळ धरून वाचले, आणि निर्णय दिला, “दुसरं घ्या म्हणतंय.”

त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन नवे पुरणयंत्र आणण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बाई जुने घेऊन आल्या, वर वाटीभर मोदकाचे सारण घेऊन. आता नव्याची चाळणी बारीक आणि जुन्याची मूठ घट्ट, तेव्हा गौरीच्या दिवशी पुरण कोणत्यातून काढावे हे प्रकरण नव्याने दाखल करून घेण्यात आले असून, तलवारींच्या राणीने उलट्या अवस्थेत दिलेल्या अभिप्रायावर खुलासा मागवण्यात आलेला आहे.